फॉरमॅट मारू का?

आमच्या मीरा-भाईंदरात कंप्युटरच्या कुठल्याही दुखण्यावर एकच औषध मिळतं. मशीन हळू चालतंय? फॉरमॅट. सुरू व्हायला पाच मिनिटं घेतंय? फॉरमॅट. कोपऱ्यात 'जागा कमी आहे' असा फुगा येतोय? मग तर काय, फॉरमॅटच! तापाला सरसकट गोळी देणारे डॉक्टरसुद्धा आधी जीभ बाहेर काढायला सांगतात हो. इथे कॅबिनेटचं झाकण उघडायच्या आधीच वाक्य येतं, "फॉरमॅट मार देते हैं मॅडम, एकदम नया हो जाएगा."

नवं होतं, ह्यात वाद नाही. ढेकूण झाले म्हणून घर जाळलं तर ढेकूणही नक्की जातात.

मंडळी, आजची पोस्ट ह्या 'मार देते हैं' वर आहे. आणि आत्ताच लिहायचं कारण म्हणजे सीझन सुरू आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. तेव्हापासून आपापली जुनी मशीनं पिशवीत घालून लोक दुकानांच्या पायऱ्या चढतायत. त्यातल्या निम्म्यांची तक्रार 'हार्ड डिस्क भरली' हीच असणार (हा निम्मा आकडा माझा, अनुभवाचा. शास्त्रीय नाही.). खरं तर मशीन पात्र असेल तर १० वरून ११ वर जायला फॉरमॅट लागतच नाही, आहे त्यावरच चढवता येतं. पण हे सांगण्यात दुकानदाराचा वेळ जातो आणि फॉरमॅट मारण्यात त्याला पैसे मिळतात.

मुळात 'हार्ड डिस्क भरली' हे वाक्य बऱ्याचदा खोटं असतं. भरलेली असते ती सी ड्राइव्ह. आपल्याकडे असेंबल करून घेतलेल्या मशीनमध्ये पाचशे जीबीच्या डिस्कचे चार तुकडे करायची पद्धत होती. सीला पन्नास-साठ जीबी, बाकीचं डी, ई, एफ मध्ये वाटून. म्हणजे बिल्डरने हॉल सहा बाय आठचा काढायचा, मागे तीन बेडरूम रिकाम्या ठेवायच्या आणि अख्ख्या कुटुंबाने हॉलमध्येच झोपायचं! कारण विंडोजचं बिऱ्हाडही सी मध्ये, प्रोग्रॅमही सी मध्ये, डेस्कटॉपवर ठेवलेली प्रत्येक फाइल सी मध्ये आणि 'माय डॉक्युमेंट्स'ही सी मध्येच. डेस्कटॉप ही काही वेगळी जागा नव्हे, ते सी मधलंच एक फोल्डर आहे, हे किती घरांत माहीत असतं? लाल पट्टी दिसते सीवर, आणि ई-एफ मध्ये कुत्रं भुंकत असतं.

(पाचशे जीबीची डिस्क घेतली आणि चारशे पासष्टच दिसते, दुकानदाराने फसवलं, असं म्हणणाऱ्या माझ्या धाकट्या मामासाठी: नाही रे मामा, फसवलं नाही. डिस्क बनवणारे हजारच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या. हिशोब दोघांचाही बरोबर आहे.)

आता ज्यामुळे एवढा राग येतो ते सांगते. आत्याला विचारून लिहितेय, ती हे वाचणार आहे.

भाईंदर पूर्वेला आमची आत्या राहते. तिचे यजमान, आमचे अण्णा, २०१३ला गेले. रिटायर झाल्यावर त्यांनी दोन कामं केली होती. एक म्हणजे भाईंदरच्या आठवणी टाइप केल्या, चाळीसेक पानं. महानगरपालिका होण्याच्या, म्हणजे २००२च्या, कितीतरी आधीचं भाईंदर. गाडीतून दिसणारे मिठागरांतले पांढरे ढीग, डोक्यावरून आणलेलं पाणी, खाडीवरच्या पुलाचा आवाज, असं सगळं. आणि दुसरं, त्यांच्या आईच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड केल्या. नोकियाचा फोन, अकरा क्लिप, प्रत्येक साधारण सहा मिनिटांची. नावं कुणी दिली नव्हती, फोनने आपली आपण दिली होती: 'साउंड क्लिप ०१', 'साउंड क्लिप ०२'... आजी त्याच वर्षी गेल्या. म्हणजे तो आवाज तेवढाच.

२०१५ साली मशीन रडायला लागलं. लाल पट्टी. आत्याने ते स्टेशनजवळच्या एका दुकानात पाठवलं. दुकानातल्या मुलाने विचारलं, हो, विचारलं बरं का, "डेटा है क्या कुछ?" आत्या म्हणाली, "मुलांचे फोटो आहेत, ते डी मध्ये ठेवलेत." मुलगा म्हणाला, "तो फिर टेन्शन नहीं." संध्याकाळी मशीन घरी. साडेतीनशे रुपये. एकदम नया. सीमधलं सगळं गेलं होतं. ई आणि एफ ह्या दोन्ही ड्राइव्ह तेव्हाही जवळजवळ रिकाम्या होत्या, हे मी स्वतः बघितलंय.

ह्यावर घरात जे ऐकू आलं ते मला त्या फॉरमॅटहून जास्त लागलं. "आत्यानेच सांगायला हवं होतं ना, डेटा आहे म्हणून." अहो, पण सासूचा आवाज म्हणजे 'डेटा' हे तिला कोण सांगणार? तिच्या लेखी डेटा म्हणजे ऑफिसचं काहीतरी असतं, नाहीतर मोबाइलच्या पॅकमध्ये रोज दीड जीबी मिळतो ते. तिला "ह्यात घरच्या कुणाचा आवाज आहे का? कुणी काही लिहून ठेवलंय का?" असं विचारलं असतं, तर ती ताडकन उठली असती. समोरच्या माणसाला जो शब्दच माहीत नाही तो वापरून प्रश्न विचारायचा, आणि नंतर 'मी विचारलं होतं' म्हणायचं, ह्याला विचारणं म्हणत नाहीत. ही हात झटकायची रीत झाली. ऑपरेशनच्या आधी इंग्रजी कागदावर सही घेतात तसली.

आता गणित बघा. नोकियाच्या त्या फोनमधलं एएमआर रेकॉर्डिंग मिनिटाला शंभर केबीच्या आसपास जागा घेतं. अकरा क्लिप, सहासष्ट मिनिटं: साधारण सहा एमबी. अण्णांची चाळीस पानं तर एक एमबीसुद्धा नाहीत. म्हणजे साठ जीबीच्या ड्राइव्हमध्ये जागा करण्यासाठी सात एमबीचा बळी दिला, दहा हजारातला जेमतेम एक भाग. आणि त्याच सी मध्ये भावाच्या मोबाइलमधून उतरवलेलं 'मोबाइल बॅकअप' नावाचं फोल्डर होतं, त्याच्या शेजारी 'मोबाइल बॅकअप नवीन', आणि त्याच्या पोटात पुन्हा 'मोबाइल बॅकअप'. तीनदा तेच फोटो, तेच लग्नाचे व्हिडिओ. हे त्याला नंतर आठवलं. त्याने ते तेव्हाच ई मध्ये हलवलं असतं तर पट्टी निळी झाली असती.

जागा खातं कोण आणि मरतं कोण, ह्याचा मेळ कधीच बसत नाही. जुनं, छोटं, वर्षानुवर्षं न उघडलेलं, विचित्र नावाचं असेल ते आधी उडतं. मोठं आणि कालपरवाचं शाबूत राहतं. आपलं माळ्यावरच्या ट्रंकेसारखं आहे. हॉलमधला सोफा अडचण करतो म्हणून आपण ट्रंक भंगारवाल्याला देतो.

मराठीत एक कादंबरी, पन्नासेक हजार शब्दांची, युनिकोडमध्ये साठवली तर एक एमबीच्या आसपास बसते. देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं, इंग्रजीचं एक, तरीसुद्धा. आणि गुलाबाच्या फुलावर दव असलेला 'शुभ सकाळ'चा एक फोटो? शंभर केबी धरा. म्हणजे दहा शुभ सकाळींमध्ये एक कादंबरी. आमच्या फॅमिली ग्रुपवर रोज दहाच्या वर येतात, म्हणजे आम्ही दिवसाला एक कादंबरी पाडतो! (राग मानू नका, माई मावशी. तुमच्या गणपतीच्या फोटोंबद्दल नाही म्हणत.) ही थट्टा माझी एकटीची नाही. २०१८च्या जानेवारीत वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये बातमीच होती, की भारतीयांच्या गुड मॉर्निंगनी फोन तुंबतायत. वेस्टर्न डिजिटल ह्या डिस्क बनवणाऱ्या कंपनीच्या हवाल्याने त्यांनी लिहिलं होतं, भारतात तीनातल्या एका स्मार्टफोनवाल्याची जागा रोज संपते, अमेरिकेत दहातल्या एकाची. गूगलने तर त्याच्या महिनाभर आधी फाइल्स गो नावाचं ॲप काढलं होतं आणि ते हे गुड मॉर्निंगचे फोटो हुडकून पुसायची सोय द्यायचं. म्हणजे काय पुसायचं हे नीट विचारपूर्वक ठरवता येतं, ठरवायची इच्छा असली तर.

"ओव्यांचं काय एवढं, सगळ्यांच्याच आज्या म्हणायच्या" असंही एक जण म्हणाला. त्याचं नाव घेत नाही, पण तो हे वाचतो. त्याला एकच सांगते. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर ह्या दोघांनी पुण्याच्या आपल्या संस्थेतून गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा करायला घेतल्या. नव्वदच्या दशकात बर्नार बेल ध्वनिमुद्रणासाठी त्यांच्याबरोबर आले. असं करत एक लाखाहून जास्त ओव्यांचा साठा झाला. प्वातवँ २००४ला गेले. तो साठा २०१७पासून 'परी', म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, ह्यांच्या संकेतस्थळावर येऊ लागला, बाईच्या नावागावासकट. मधली वर्षं तो कुठेतरी टेपांवर आणि डिस्कांवर होता, फारसा न उघडलेला. जागा करायला निघालेल्या कुणाच्या हाती तो लागला असता तर? सगळ्यांच्या आज्या म्हणायच्या हे खरंच आहे. म्हणून तर एक लाख भरल्या!

बरं, दुकानातल्या पोरालाच का धरायचं? मोठमोठ्यांनीही हेच केलंय. ऑक्टोबर २०१८मध्ये विंडोज १०चं एक मोठं अपडेट आलं, १८०९ नावाचं. ज्यांनी आपलं डॉक्युमेंट्सचं फोल्डर दुसरीकडे वळवलं होतं, त्यांच्यातल्या काहींच्या जुन्या जागी राहिलेल्या फाइली त्या अपडेटने पुसून टाकल्या. का? तर 'रिकामी, दुबार फोल्डरं' आवरायची म्हणून. ती रिकामी नव्हती. चार-पाच दिवसांत मायक्रोसॉफ्टने ते अपडेट थांबवलं, आणि म्हणाले की तक्रार करणारे शेकडा ०.०१ एवढेच होते. असतील. पण त्या ०.०१ मध्ये एखादी आत्या असतेच ना! त्याच आवृत्तीत 'डिस्क क्लीनअप'च्या यादीत डाउनलोड्सचं फोल्डर आणून ठेवलं होतं, कॅश आणि कचऱ्याच्या पंगतीला. माणसं सवयीने सगळ्यांवर टिचक्या मारून मोकळी व्हायची. पुढे २०२०च्या आवृत्तीतून ते काढलं.

आणि ती 'एका क्लिकमध्ये सफाई' करून देणारी सॉफ्टवेअरं! सीक्लीनर हे त्यातलं सगळ्यात भरवशाचं मानलं जायचं. २०१७च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कंपनीच्याच अधिकृत डाउनलोडमध्ये कुणीतरी विषारी कोड घुसवला होता, आणि सुमारे २२ लाख ७० हजार लोकांनी तो घरी नेला. झाडू आणला तोच झुरळांसकट.

मग करायचं काय? फार काही नाही हो. एक संध्याकाळ काढायची. विनडिरस्टॅट किंवा ट्रीसाइझ असली फुकट सॉफ्टवेअरं आहेत, ती डिस्कवर कोण किती पाय पसरून बसलंय ते आकाराच्या क्रमाने दाखवतात. वरून सुरुवात करायची आणि पाच-सहा नावांतच थांबायचं, त्याखाली जायची वेळच येत नाही. वर कोण असतं? अपडेटनंतर उरलेलं विंडोज.ओल्ड (दहाएक दिवसांनी आपोआप जातं, पण कधीकधी मुक्काम ठोकतं, सहज दहा-वीस जीबी). हायबरनेशनची फाइल, रॅमच्या साधारण ४० टक्के. मशीन रात्री पूर्ण बंदच करत असाल तर हायबरनेशन बंद करून टाका, आठ जीबी रॅमवर तीन जीबी तिथेच सुटतात. मग मोबाइल बॅकअपचे ते पोटात पोट असलेले अवतार, एकच सिनेमा दोनदा, आणि रिसायकल बिन. बिनमध्ये टाकलेलं जागा अडवतच असतं, हे आमच्या घरातल्या एका इंजिनिअरलाही माहीत नव्हतं. जे ठेवायचंय पण मोठं आहे ते डी-ई मध्ये हलवा. डॉक्युमेंट्सच्या फोल्डरचं ठिकाणही बदलता येतं, त्यावर राइट-क्लिक, प्रॉपर्टीज, लोकेशन. केबीमधल्या फाइलींना हात लावू नका. त्या पुसून एक पैशाची जागा मिळत नाही.

मराठीवाल्यांसाठी आणखी एक धोक्याची सूचना. २००५-१०च्या आधी टाइप केलेलं आपलं बरंचसं लेखन श्रीलिपी, आकृती, शिवाजी, कृतिदेव असल्या फॉन्टांत आहे. तो फॉन्ट मशीनवर नसेल तर फाइल उघडल्यावर दिसतात नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविरामांचा चिखल. कुणीही म्हणेल 'करप्ट झाली', आणि डिलीट दाबेल. अण्णांच्या चाळीस पानांचं हेच होणार होतं! त्यांच्या मुलाकडे पेन ड्राइव्हवर एक प्रत निघाली. पण फॉरमॅटबरोबर फॉन्टही गेलेला. त्याने उघडून बघितली आणि मला फोनवर म्हणाला, "ताई, ह्यात कचराच आहे गं." तो कचरा मागवून घेतला, फॉन्ट ओळखला, एका रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणला. जोडाक्षरं जागोजागी तुटली, रफार भलत्याच डोक्यावर बसले, पण मिठागरं दिसायला लागली.

ओव्यांचं तेवढं भाग्य नव्हतं. डिलीट किंवा साधा फॉरमॅट झाला तरी जुन्या पद्धतीच्या डिस्कवर मजकूर लगेच जात नाही, फक्त अनुक्रमणिका फाटते. पानं तिथेच असतात, वर नवं काही लिहिलं जाईपर्यंत. म्हणून लक्षात आल्याक्षणी मशीन बंद करायचं असतं. आमच्याकडे त्याच दुपारी त्याच सीवर नवं विंडोज चढलेलं, आणि कळेपर्यंत दोन आठवडे गेलेले. तरी अकरातल्या तीन क्लिप काढता आल्या, एक अर्धवट. आजकालच्या एसएसडीमध्ये तर ही आशाही ठेवू नका. तिथे ट्रिम नावाची सोय असते, पुसलेली जागा ती मागच्या मागे खरोखरच साफ करते. आणि दुकानात जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाकून घेत असाल तर जुनी डिस्क परत मागून घ्या. शे-दोनशे रुपयांच्या एक्स्चेंजमध्ये देऊ नका.

"एवढा उपद्व्याप कशाला, क्लाउडवर टाक की!" हे पुण्याच्या दादाचं उत्तर ठरलेलं. दादा, आमच्या मीरा-भाईंदरचा कचरा उत्तनला जातो. घंटागाडी आली, पिशवी दिली, घर स्वच्छ. उत्तनचे लोक त्या डोंगराच्या धुराबद्दल आणि वासाबद्दल वर्षानुवर्षं ओरडतायत, आमच्या सोसायटीत मात्र कचरा 'गेलेला' असतो. क्लाउड असाच. ते आकाशात नाही, ऐरोली-रबाळेला किंवा आणखी कुठे कुणाच्या तरी इमारतीत वीज खात फिरणाऱ्या डिस्कवर आहे. आणि घरमालक दुसरा. गूगल फोटोजचं अमर्याद फुकट साठवणं १ जून २०२१ला संपलं. दोन वर्षं न उघडलेली खाती २०२३च्या डिसेंबरपासून गूगल काढून टाकू शकतं, म्हणजे गेलेल्या माणसाचं खातं पहिलं. जिओसिटीज २००९ला गेलं, ऑर्कुट २०१४ला. आपल्यातल्या कित्येकांची ओळख ज्या याहू ग्रुपांवर झाली त्यांचे सगळे जुने मेसेज २०२०च्या सुरुवातीला पुसले आणि त्याच डिसेंबरात ग्रुपही बंद. एक जादा प्रत म्हणून क्लाउड जरूर ठेवा. पण क्लाउडवर आहे म्हणून घरचं पुसू नका. 'मोठी डिस्क घे' म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही, घ्या. फक्त वर्षभरात तीही भरेल आणि तुम्ही पुन्हा त्याच पायऱ्या चढाल.

दुकानदारांना काय सांगायचं? तुमचं पोट आहे, मान्य. पण फॉरमॅटच्या आधी ग्राहकाला खुर्ची द्या, स्क्रीन त्याच्याकडे वळवा आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स ही फोल्डरं उघडून दाखवा. पाच मिनिटं लागतात. त्याचे शंभर रुपये जास्त घ्या, मी देईन. आणि 'डेटा' हा शब्द सोडून काहीही विचारा.

आता नातेवाइकांसाठी. अण्णांना क्लिप ब्लूटूथने पाठवायची हौस होती. २००९ ते २०१३ मध्ये त्यांच्या घरी जाऊन आलेल्या कुणाच्याही जुन्या नोकियात, मेमरी कार्डात किंवा एखाद्या 'मोबाइल बॅकअप'च्या पोटात ती असू शकते. नावात 'साउंड क्लिप' आणि एक आकडा असेल, शेवट एएमआर, आकार पाच-सहाशे केबी. ०२, ०५ आणि अर्धी ०९ आमच्याकडे आहे. बाकीची कुठलीही सापडली तर उघडत बसू नका, आधी मला मेल करा.